मुरगळलेला घोटा

स्रेम्स्का मित्रोवित्सा,
२२ सप्टेंबर २०२३

ल्यूबिशा,

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. तू बरा असशीलच, तुला काय धाड भरलीय! तुझ्या देसांकावहिनीची कंबर धरलीय, तरी अंगणात मिरच्या भाजणं चालूच आहे. यंदा चाळीस किलो आणल्यात. सावा नदी पार आटलीय. बाकी गावात विषय एकच. आपल्या 'ब्रोदार' फुटबॉल क्लबला नवा प्रशिक्षक येतोय, म्हणजे तू. कफाना-खानावळीच्या मालकाने तुझा जुना फोटो पुसून पुन्हा भिंतीला लावलाय. त्याची राकिया दारू खपेल, म्हणून.

तू लिहितोस, "रादोवान, माझा सहायक हो, बाकावर माझ्या शेजारी बस." नाही बसणार. खेळाडू म्हणून तू बेलग्रेड, ग्रीस, बेल्जियम गाजवलंस, ते कोण नाकारतंय? पण प्रशिक्षक म्हणून? सायप्रसमध्ये सात महिने, कुवेतमध्ये चार, बोस्नियात तर सामान खोलायच्या आत हाकललं. सगळीकडून नारळ मिळाल्यावर तुला आपलं गाव आठवलं. आणि शेवटी साळसूदपणे विचारतोस, "यागोदाचं काय बिनसलंय? ती माझ्याशी बोलत का नाही?"

मे महिन्यातली टीव्हीवरची मुलाखत आठव. निवेदिकेने विचारलं, नेतृत्व म्हणजे काय? आणि तू पाय पसरून सांगायला लागलास. चौऱ्याण्णव सालचा वरच्या गटात जाण्याचा सामना, शाबात्सच्या संघाविरुद्ध, अठ्ठ्याऐंशीवं मिनिट, पेनल्टी. "पेनल्टी नेहमी माझा मित्र रादोवान मारायचा. पण त्या दिवशी त्याचे पाय लटपटत होते. म्हणाला, 'ल्यूबा, मला नाही जमणार.' मी त्याच्या हातातून चेंडू घेतला." ती बाई हसली. तूही हसलास. नाव घेऊन, ल्यूबिशा! आडनावासकट!

देसांका मिरचीचे डाग पडलेल्या ॲप्रनमध्येच टीव्हीसमोर उभी होती. यागोदा उठली आणि म्हणाली, "बाबा, कूम असं का बोलला? तुमचा घोटा मुरगळला होता ना?"

मी म्हणालो, "मुरगळलाच होता. तो खोटं बोलतोय."

एवढंच. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. बाप्तिस्म्याच्या दिवशी कूम म्हणून, धर्मपिता म्हणून, ज्याने तिला हातात धरलं, लहानपणी अथेन्सहून जो तिला बूट पाठवायचा, त्या तुझं नाव तिने टाकलं. मी शिकवतो त्याच मुलींच्या संघात ती बचावफळीत खेळते, तुला माहीत आहे. जूनमध्ये सरावाला मी म्हणालो, "पेनल्टी मारताना मन घट्ट ठेवा," तर सान्या नावाची एक पोरगी फिस्सकन हसली, "हे कोण सांगतंय बघा!" यागोदाने तिच्या थोबाडीत मारली. दोन सामन्यांची बंदी आली. घरी येऊन मला म्हणते कशी, "मला वाईट नाही वाटत, बाबा. खोट्याला खोटं म्हणायलाच हवं."

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

आता लिहितोच. माझे पाय लटपटत होते. तू सांगितलंस तसंच झालं, शब्द न् शब्द. पण तू अर्धंच सांगितलंस, हरामखोरा! तू माझ्यापुढे गुडघा टेकलास, माझ्या बुटाची नाडी सोडलीस आणि बाकाकडे ओरडलास, "याचा घोटा गेला!" घोटा तुझ्या डोक्यातून निघाला होता. मला म्हणालास, "लंगड, गाढवा." मी तीन आठवडे लंगडलो. धडधाकट पायाला माझ्या आईने रोज कोबीची पानं बांधली. तू गोल केलास. बेलग्रेडचा माणूस प्रेक्षकांत बसला होता, त्याने तुला उचललं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खरंच नाही. गोल तुझा होता. पण तू माझी लाज झाकलीस म्हणून एकोणतीस वर्षं मी तुला देवासारखं मानलं, आणि तीच लाज तू एका बाईला हसवायला उघडी केलीस. खोटं बोलला असतास तर मी माफ केलं असतं.

गेल्या रविवारी यागोदाला सगळं सांगितलं. ती मिरच्या सोलत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "म्हणजे सान्याला मी उगाच मारलं."

"हो."

तिने हात धुतले, सायकल काढली, सान्याच्या घरी जाऊन माफी मागून आली. मग दारातच उभी राहून म्हणाली, "कूमने टीव्हीवर फुशारकी मारली, तुम्ही घरात थाप मारली. मार मात्र त्या मुलीने खाल्ला. मला तुम्हा दोघांच्याही मैदानावर खेळायचं नाही." काल ती नोवी सादला गेली. तिथल्या संघाने तिला घेतलंय. देसांकाने बरोबर भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या दिल्या, मी बॅग उचलायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, मी नेईन."

मंगळवारी सरावाला मी मुलींनाही खरं सांगून टाकलं. आपली गोलकीपर म्हणाली, "पण आपण जिंकलो होतो ना?" म्हटलं, "जिंकलो होतो." "मग चला, थंडी वाजतेय." वीस वर्षांची पोर! माझी उभी हयात तिने चार शब्दांत उरकली.

तू ये. तुझं काम कर. मी उत्तरेकडच्या स्टँडमध्ये बसेन आणि चुकीचा खेळाडू बदललास की छाती फुटेपर्यंत शिट्ट्या मारीन. रस्त्यात भेटलास तर दुसऱ्या फुटपाथने जा. यागोदाचा नवा पत्ता देणार नाही; तो तिच्याकडूनच मिळव. तिने मलाही अजून दिलेला नाही.

तुला मित्र म्हणणं मी सोडलं. कूम म्हणणं सोडता येत नाही, ते पाद्र्याने देवासमोर बांधून ठेवलंय.

नाइलाजाने तुझा कूम,
रादोवान