रांगोळीतल्या सूर्याचे डाग

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायचंय. यंदा रथसप्तमीला तळेगावच्या शाळेत विज्ञानाच्या खोलीला तुमचं नाव दिलं. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं होतं. दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडून मुलांना दाखवायचा आणि तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. मी लगेच हो म्हणालो. ते शब्द मी सातवीतच ठरवून ठेवले होते.

तीही रथसप्तमीच. आदल्या संध्याकाळी गुऱ्हाळाच्या धुरातून मावळता सूर्य तांबडा, मऊ दिसला, आणि त्याच्या अंगावर शेजारी शेजारी दोन काळे ठिपके. सकाळी मुलींनी पटांगणात सात घोड्यांचा रथ आणि सूर्य रेखलाय. मी कोळशाची पूड आणतो आणि पाहिले तसे दोन ठिपके त्यात घालतो. देवाचं रूप पुरं केल्याचा आनंद आहे मला. मागून तुम्ही येता.

"काय रे हे?"

"सूर्यावर हाईत गुरुजी. काल बघितलं म्या."

"देवाला खरूज झाली व्हय रे, डाग्या?"

सगळं पटांगण हसलं. तुम्ही मला माझ्याच टोपीनं ते पुसायला लावलं आणि सूर्यनमस्काराच्या रांगेतून बाहेर काढलं. दहावीपर्यंत मी डाग्याच राहिलो.

म्हणून यंदा त्या दिवशी सूर्यावर डाग हवाच होता. कार्यक्रम ठरला तेव्हा पूर्वेच्या कडेजवळ नुकतेच राईएवढे कण उमटले होते. दोन दिवसांत त्यांचे दोन मोठे डाग झाले, एक पुढचा, एक मागचा, आणि ते एकमेकांपासून लांब सरकू लागले. असे समूह कधी दिवसभरात विरतात, कधी सूर्याच्या मागून फिरून पुन्हा दिसतात; भरवसा नसतो. कंपनीतून आलो की मी आधी गच्चीवर दुर्बिणीपाशी जायचो. मागचा डाग अगोदर फुटला, त्याचा चुरा झाला. पुढचा गोल होऊन आक्रसत चालला. रोज सकाळी पाणी सोडताना मी सूर्यनारायणाकडे एवढंच मागत होतो, हा तेवढा टिकू दे. असं मागणं शोभत नाही, हे कळत होतं. तरी मागितलं.

टिकला. पश्चिमेच्या कडेला मसुरीसारखा चपटा.

"काका, कागदाला भोक पडलंय!" एक पोरगी म्हणाली.

मी कागद हलवला.

"आरं, ह्यो तर तिथंच हाय!"

मग मी माइक घेतला. मागे हार घातलेला तुमचा फोटो. सगळं सांगितलं, खरूज या शब्दासकट. कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतून तुमचा मुलगा उठला, हात जोडून म्हणाला, "दादा, आबांच्या वतीनं मी माफी मागतो." मी त्याचे हात धरले. "अहो, मी कधीच विसरलोय," म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विसरलो नाही, गुरुजी. त्याचा चेहरा पडला तेव्हा मला बरं वाटलं. तो चेहरा तुमचा असता तर आणखी बरं वाटलं असतं. हे त्याला वाचायला द्यावं असं मनात होतं, पण देणार नाही. रविवारी त्यानं घरी जेवायला बोलावलंय. तुमची बसायची खुर्ची अजून ओसरीवर आहे म्हणतो. मला तिच्यात बसायचंय.