काळ्या पट्ट्या

सावर्डे,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सागर यास, आईचे अ. उ. आ.

तू पाठवलेला टीव्ही भिंतीवर लागला. दाराएवढा आहे, शेजारची जनी तर बघताना बसायचंच विसरली. जुनी मालिका लागली की दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतात आणि तुझे बाबा चिडतात. एवढा थोरला टीव्ही घेऊन काळोखच बघायचा का, असं त्यांचं म्हणणं. मग रिमोटचं कसलंसं बटण दाबतात आणि सगळी माणसं फणसासारखी फुगतात.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. बाळाभावजींच्या लग्नाची, तू लहानपणी पुन्हा पुन्हा लावून बघायचास ती कॅसेट जनीच्या मुलाबरोबर, गंगारामबरोबर, पाठवत्येय. नव्या टीव्हीवर दिसेल अशी करून आण. तिच्यात आपली दीपाली आहे, तुझ्या पाठची, मांडवात सगळ्यांच्या पायांशी बसलेली. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. फोटो काढू काढू म्हणत राहूनच गेला. आहे ते एवढंच. जप.

तब्येतीला सांभाळ, माया आहेच.
तुझी आई, गोदा

डोंबिवली,
२ डिसेंबर

ती. आईस, सा. न. वि. वि.

कॅसेटला बुरशी लागली होती. स्टुडिओवाल्याने कशीबशी एकदा चालवून उतरवून घेतली, मग फितीचे तुकडेच झाले. जुनं चित्र चौकोनी आणि आपला टीव्ही रुंद, तेव्हा कडेला पट्ट्या ठेवू की पडदा भरून देऊ, असं त्याने विचारलं. बाबा पट्ट्यांवर खार खाऊन आहेत, म्हणून मी भरूनच द्यायला सांगितलं. सुरुवातीची वरात पाहिली, झकास दिसते. पेनड्राइव्ह गंगारामकडे दिलाय.

बाबांना नमस्कार. लोभ आहे तो वाढू दे.
तुझा सागर

सावर्डे,
१५ डिसेंबर

चि. सागर यास, अ. उ. आ.

पाहिलं. पडदा भरलाय. रुंदीला पुरावं म्हणून त्याने चित्र वरून आणि खालून कापलंय. वर भावजींचा फेटा गेला, खाली सगळ्यांचे पाय गेले, आणि पायांशी बसलेली गेली. एकदाच तिची लाल रिबीन वर येते आणि जाते. तुझे बाबा रिमोटची सगळी बटणं दाबत बसले होते, ती खालून वर येईल म्हणून. तेव्हापासून ते जेवायलाही धड बसत नाहीत.

तुझ्यावर राग नाही रे. पण तिचा चेहरा मला आता नीट येत नाही, हे कुणाला सांगू? तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास. भांग कुठल्या बाजूला पाडायची, पुढचा कुठला दात पडला होता, हसताना कशी दिसायची, आठवेल तसं लिही. मी वाट बघत्येय.

तुझी आई

डोंबिवली,
४ जानेवारी २०२५

ती. आईस, सा. न. वि. वि.

स्टुडिओत दोनदा जाऊन आलो. न कापलेलं त्याने ठेवलेलं नाही. भरून द्या हा शब्द माझाच होता.

पाच वेळा लिहायला बसलो, म्हणून उशीर झाला. भांग आठवत नाही. दात आठवत नाही. अंगणात, शाळेच्या वाटेवर, तुझ्या मांडीवर, कुठेच ती मला दिसत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, मला दीपाली आठवते. आई, मला कॅसेट आठवत होती.

तुझा सागर