घाटावरचे चौदा निळे सापळे न उतरवण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
माशी निर्मूलन कक्ष

विषय : धुण्याच्या घाटावरील सापळे अर्जदार उतरवणार नसल्याबाबत.

संदर्भ : सोमवारपर्यंत सापळे हटवण्याची आपली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार ही घाटाशेजारी शिलाईकाम करणारी बाई आहे. घाटावरची माशी चावली की झोपेचा आजार होतो, हे आपणांस ठाऊक आहेच. अर्जदाराची धाकटी जाऊ तिथे लोकांचे कपडे धुते. भर दुपारी हातात पिळा घेऊन ती उभ्या उभ्या झोपली, तेव्हापासून चार महिने आपल्याच दवाखान्यात आहे.

२. सापळ्याची रीत आपल्याच कक्षातील मॅडमनी शिकवली. माशी लांबून निळा रंग पाहून येते, काळ्या पट्टीवर बसते, उजेडाकडे वर चढते आणि जाळीच्या टोपीत अडकून मरते. पहिले दोन सापळे अर्जदाराने हौसेने आकाशी कापडाचे शिवले. एक माशी फिरकेल तर शपथ! मॅडमनी समजावले, की निळा आपल्या नव्हे, माशीच्या आवडीचा हवा. मग अर्जदाराने दुकानाचा गडद निळा पडदाच फाडला.

३. पहिल्याच आठवड्यात निरीक्षकसाहेब आले. त्यांचा अहवाल असा : सापळ्यांपूर्वी सापडलेल्या माश्या शून्य, सापळ्यांनंतर तीनशे बारा, सबब सापळ्यांमुळे माश्या वाढल्या. अहो महोदय, आधी धरल्या होत्या कुणी? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. गेल्या आठवड्यात चौदा टोप्यांत मिळून अकरा निघाल्या. त्या मोजायला साहेब आले नाहीत.

४. शासकीय जीपवर माश्या बसल्याचेही अहवालात आहे. जीप निळी, टायर काळे. सापळे हटवायचे तर आधी ती हटवावी.

५. जाऊ बुधवारी घरी येत आहे. आल्या आल्या ती घाटावर जाणार, बसून खायची तिची ऐपत नाही. तिने अर्जदाराला एवढेच विचारले, की सापळे आहेत ना. अर्जदार हो म्हणाली आहे. ते हो अर्जदार मागे घेणार नाही. सोमवारी माणसे खुशाल पाठवावीत. अर्जदार मशीन घेऊन घाटावरच बसलेली असेल, पंधरावा सापळा शिवत.

आपली, एरवी नम्र,
(सही)
घाटाशेजारची शिलाईवाली
दिनांक : मुदतीच्या आधीचा शुक्रवार

सोबत :
१) आपली नोटीस, मूळ प्रत, परत.
२) काडेपेटीत भरलेल्या मेलेल्या माश्या, नग अकरा. मोजून घ्याव्यात.