मातीच्या माणसाचा हात

आज टपालाने आले: मातकट रेशमाच्या दोन लडी, बारीक सुयांचे एक पाकीट. टपालखर्चासह दोनशे दहा, रोख दिले. यापुढे माझ्या नावाने कुणी उधारी सांगितली तर ऐकू नये.

देवाला स्मरून, मी, या घराची थोरली सून, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाखाली नसताना हे लिहिते. तेरा तारखेला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. उठून घरी आले तर हा कागद मीच फाडीन.

राहते घर माझ्या एकटीच्या नावे आहे, ते दोन्ही मुलांना समसमान. दिरांनी त्यांच्या खोलीत हयातभर राहावे. मात्र दिवा मालवून झोपावे. बँकेतली ठेव धाकट्याला. थोरल्याचा वाटा त्याच्या दुकानात आधीच गेला आहे, हे तोही नाकारणार नाही.

आता दिवाणखान्यातले भरतकाम. सृष्टी कशी झाली याच्या गोष्टी त्यावर आहेत. शेजारच्या शिवणताई, ज्या आता लेकीकडे असतात, त्यांनी आणि मी मिळून ते वर्षानुवर्षे भरले. पाण्यावर तरंगणारे सोन्याचे अंडे माझ्या धर्मातले, पुराणातले. मातीचा माणूस त्यांच्या धर्मातला. पाठीवर चिखल घेतलेले कासव वाचनालयातल्या पुस्तकातले. त्यांच्या ग्रंथातही आधी अंधार नि पाणी, माझ्याही; म्हणून खालचे निळे कापड अखंड, कुठे जोड नाही.

आमच्या धर्माच्या लोकांनी बांधलेल्या नव्या प्रार्थनामंदिराला त्यातले फक्त अंडे हवे आहे. थोरला कापून द्यायला निघाला आहे. म्हणतो, "आई, भिंतीवर तुझं नाव कोरतील."
"मला अजून घरातच कुणी विचारत नाही, भिंतीवर कोण विचारणार?"

मागच्या महिन्यात एका रविवारी मातीच्या माणसाचा, अंड्याच्या कडेला टेकलेला, उजवा हात उसवलेला दिसला. परक्यांचे देव घरात नकोत, असे दीर नेहमी म्हणतात, म्हणून त्यांनाच धरले.
"वहिनी, उंदीर असेल."
"उंदीर गाठी सोडवतो का, भाऊजी?"

त्याच संध्याकाळी केर काढताना कोचाखाली तो दोरा मिळाला. काडेपेटीच्या विझलेल्या काडीवर नीट गुंडाळलेला. उसवलेला दोरा टाकू नये, काडीवर गुंडाळावा, हे या घरात मी एकालाच शिकवले, तो सहा वर्षांचा असताना. धाकट्याने कधी सुई हातात धरली नाही. भाऊजींना चहा करून दिला, विषय मिटवला.

थोरल्याला अजून काही बोललेले नाही. तेराला मी घरात नसेन. तो असेल, आणि कात्रीही.

म्हणून लिहिते की, त्या कामातले अर्धे माझे नाही, आणि जे माझे नाही ते मला कुणाला देता येत नाही. माझे अर्धे मी शिवणताईंना देते. आता सगळे त्यांचेच. जो कात्री लावील त्याचा घरातला हिस्सा दुसऱ्या भावाला जावा. पोटच्या पोराबद्दल असे लिहिताना दोनदा पेन खाली ठेवले, पण वाक्य खोडलेले नाही.

सही माझी, या दोघांसमक्ष केली:
साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही)
स्थळ: माझे स्वयंपाकघर. सोमवार, तारीख तीन.

शिवणताई, ही प्रत तुम्हाला. भरतकाम न्यायला तेराच्या आत आलात तर दार मी उघडीन. नंतर आलात तर थोरला उघडील. तुम्ही येता की जावयांना पाठवता, ते उलट टपाली कळवा.