एकेचाळीसपैकी एकेचाळीस

३ डिसेंबर, सकाळी ११
अंगणवाडीत कानांची तपासणी पार पडली. मुलाला दाराकडे पाठ करून बसवायचं, मागून थाळीवर चमचा मारायचा, वळलं की टिक. एकेचाळीसपैकी एकेचाळीस वळली. ट्रेनिंग एकाच दिवसाचं होतं, पण घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. सुपरवायझर सुलक्षणा मॅडमनी ग्रुपवर तीन अंगठे दिले.

५ डिसेंबर
मंजुळाबाई आल्या. त्यांची नात दिपमाला तीन वर्षांची झाली, अजून 'माय'सुद्धा म्हणत नाही. उशाशी कुकरची शिट्टी झाली तरी उठत नाही, म्हणाल्या. मी रजिस्टर दाखवलं. गाढ झोप हे चांगल्या पोषणाचं लक्षण आहे. खरा दोष आईचा. रूपाली स्वतःच घुमी. तिला सांगितलं, लेकराशी बोलत जा. 'हो ताई' म्हणाली. समुपदेशन यशस्वी.

११ डिसेंबर, सकाळी ९
झाडताना लक्षात आलं. दारातून ऊन येतं. हात उचलला की समोरच्या भिंतीवर सावली हलते.
सगळीच मुलं सावली बघून वळली असतील असं नाही.

१२ डिसेंबर
दुपारी, ऊन नसताना, दिपमालाला पुन्हा तपासलं. तीनदा थाळी वाजवली. वळली नाही. पुढ्यात खिचडी होती. जेवताना कोण वळतं? नोंद केली नाही.

२३ डिसेंबर
आज मॅडमना सांगायचंच, असं ठरवलं होतं. त्या मीटिंगमध्ये असतील. फोन केला नाही.

८ जानेवारी
शंभर टक्के तपासणीबद्दल तालुक्याला माझा सत्कार. शाल, नारळ. अशा वेळी कसं सांगणार? बाबांनी शाल गल्लीभर दाखवली. मला जेवण गेलं नाही. बहुतेक पित्त.

१४ जानेवारी
रूपालीकडे तीळगूळ द्यायला गेले. ती भांडी घासत दिपमालाशी बोलत होती. "हाऊ तांब्या. हाई वाटी. म्हन ना बेटा, वाटी." मी सांगितलं तेव्हापासून दिवसभर बोलते म्हणे. घसा बसलाय. पोरगी तिच्या तोंडाकडे बघून हसत होती.
सोमवारी धुळ्याला न्यायचं. नक्की.

२७ जानेवारी
मधला सोमवार मोडला. आज नेलं. 'फाइलसाठी एक कागद हवाय' असं सांगून. झोपवून, डोक्याला वायरी लावून तपासलं. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मशीन बसवता येईल, बोलायला शिकवता येईल, पण उशीर झालाय, आता एक दिवसही घालवू नका, डॉक्टर म्हणाल्या. रूपाली रडत म्हणाली, "माझीच चूक मॅडम. मी बोलायचीच नाही तिच्याशी. ताईंनी सांगितलं होतं."
आधी कुणी तपासलं होतं का, डॉक्टरांनी विचारलं. मी पिशवीतली फाइल नीट लावत होते.

२८ जानेवारी
दोघींना सगळं सांगितलं. ऊन, सावली, खिचडी. भाषण पाठ केलं होतं, दुसरं वाक्य आठवलं नाही. मंजुळाबाई म्हणाल्या, "माले तवयच वाटनं व्हतं, माय. पन तू शिकेल-सवरेल शे. तुले खोटं कोन म्हनी?"
रूपालीने चहा दिला. माझ्याकडे बघितलं नाही.
मॅडमना मेसेज टाकला, एकेचाळीसपैकी एकाचीही खात्री नाही. अंगठा आला नाही. उद्यापासून चाळीस मुलं पुन्हा. थाळी मंजुळाबाई वाजवणार आहेत.
दारातलं ऊन अडवायला पडदा हवा होता. सत्काराची शाल बरोबर मापाची निघाली.