साफ केलेली चाल

दि. १४ जून

चि. भिंगरीस आत्याचे अनेक आशीर्वाद,

तुझा बाप काल सुखरूप परत आला आणि तेव्हापासून आम्हाला सुख नाही. तुझ्या विद्यापीठात त्याला काळा घट्ट पोशाख घातला, अंगभर पांढऱ्या गोळ्या चिकटवल्या आणि बत्तीस कॅमेऱ्यांसमोर चालायला लावलं, हे गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. ज्यांना सांगून झालंय त्यांना आता पुन्हा सांगणं चालू आहे. तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत घरोघर लंगडत फिरला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता म्हणे त्याची चाल कॉम्प्युटरात उचलून ठेवलीय. पोशाखातला फोटो पाहून वहिनीने पोट सुटलेला सुरवंट असा शेरा मारला. दादा रागावला नाही, म्हणजे खरोखरच खूश आहे.

एक मात्र कळवून ठेवते. हल्ली जिना चढताना तो मध्येच थांबतो. का थांबलास विचारलं तर थांबलो नाही, विचार करतोय असं सांगतो. इतका विचार त्याने आयुष्यात केलेला नाही. डॉक्टरकडे जा म्हटलं तर माझ्यावरच खेकसतो. तू एकदा लिहून बघ.

आणि पत्रंच लिही. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, तेही नेमकं नको ते.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं तेवढी वाढू देत.

तुझी,
आत्या

दि. २ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांना डॉक्टरचं लिहिलं होतं. विचार करतो, असं उत्तर आलंय.

तू विचारशील की बापाला चालवून आम्ही शिकतो तरी काय. तर ऐक. त्या कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, नुसत्या गोळ्या दिसतात. एखादी गोळी हाताआड जाते, एखादी उगीच थरथरते. ते सगळं बसून एकेक चित्र करत निस्तरायचं. आमच्यात याला साफ करणं म्हणतात. मग त्या चालीवर कॉम्प्युटरातला माणूस चढवायचा आणि खऱ्या चित्रीकरणात तो असा बसवायचा की सावलीसकट तिथलाच वाटावा. मी आपली गल्ली घेतलीय. मे महिन्यात तुझ्या खिडकीत कॅमेरा लावून बसले होते आणि तू मला रिकामटेकडी म्हणाली होतीस, तीच फिल्म.

आता गंमत सांगते. साफ करता करता मी बाबांचा पायपण साफ केला. उजवी टाच घासत येते ना, ती उचलली, कंबर सरळ केली. वरचं काही बदललं नाही. तीन दिवस लागले, पण आता ते ताठ चालतात, आत्या! इतकी स्वच्छ चाल वर्गात कुणाची नाही, असं सर म्हणाले. बाबांना सांगू नकोस. सुट्टीत येईन तेव्हा मीच दाखवणार. आयुष्यात एकदा तरी स्वतःला सरळ चालताना बघू देत.

आईला नमस्कार. तुझा लोभ बोचरा असला तरी हवा आहे.

तुझी,
भिंगरी

दि. ९ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद,

दादाला जाऊन आज तीन आठवडे झाले आणि तुला परत जाऊन बारा दिवस. तो जिन्यातच थांबला. या वेळी विचार करतोय असं काही म्हणाला नाही.

जाताना तू ती फिल्म माझ्या हवाली केलीस. तुझ्याने दाखववत नव्हतं, ते मला कळलं. वहिनी रोज विचारायची की पोरीने ह्यांची चाल ठेवलीय ती कधी बघायची. काल दाखवली. ती चष्मा पुसून, पदर सावरून बसली. आपली गल्ली तिने लगेच ओळखली, कोपऱ्यावरचा वाकडा खांबसुद्धा. मग तो माणूस आला. वीस पावलं चालला. वहिनीने शेवटपर्यंत पाहिलं, छान झालंय म्हणाली आणि मग अगदी संकोचून विचारलं, की हा कोण, आणि ह्यांची कधी येणार?

ही नमुन्याची आहे, खरी मागाहून येतेय, असं मी ठोकून दिलं. तिचा विश्वास बसला. आता मूळ चाल पाठव, साफ न केलेली. मी जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढत बसलेली बाई. पुस्तक हातात येईपर्यंत मूळ हस्तलिखित फेकायचं नसतं, एवढं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. तुमच्यातही शिकवत असतील.

पोटभर जेवत जा. माझा लोभ गृहीत धरलास तरी चालेल.

तुझी,
आत्या

दि. १६ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

शिकवलं होतं. मी ऐकलं नाही.

साफ केलेली चाल मी मूळ चालीवरच साठवली. जुनी एक प्रत विभागाच्या मोठ्या यंत्रावर असते, पण सत्र संपलं की ते यंत्र पुसतात. मी तुमच्याकडे होते त्या आठवड्यात पुसलं. यंत्रं सांभाळणाऱ्या काकांनी दोन दिवस शोधलं. शेवटी मला बसायला खुर्ची आणून दिली, तेव्हा समजले.

मग हाताने लंगडं करून पाहिलं. माणूस लंगडतो, पण बाबा होत नाहीत. आधी कंबर पडायची की आधी टाच घासायची? तीन दिवस मी एकेक पाऊल समोर धरून ती टाच पुसत बसले होते, आणि आता मला आठवत नाही. चूक म्हणूनच बघत होते ना. चूक पुसताना तिच्याकडे कोण नीट बघतं!

आईला काय सांगायचं ते सुचत नाही. तू रागाव, पण लोभ सोडू नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. २३ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद,

तुला लागतील अशी चार वाक्यं लिहिली होती, पत्र तपासताना काढून टाकली. आधी रडं आवर.

दादा दहा वर्षांचा असताना पत्र्याच्या छपरावरून घसरला आणि पाय मोडला, हे तुला माहीत आहे. सगळ्यांना तेच माहीत आहे, कारण त्याने सगळ्यांना तेच सांगितलं. तो घसरला नव्हता. माझा चेंडू काढायला वर चढला आणि मी खालची शिडी काढून घेतली. मी सहा वर्षांची होते. वर अडकलेला दादा हा मला जगातला सगळ्यात मोठा विनोद वाटला. मी शिडी लावेना, तेव्हा त्याने उडी मारली.

घरी त्याने माझं नाव घेतलं नाही. पुढे शेहेचाळीस वर्षं घेतलं नाही, भांडणातसुद्धा नाही, आणि आमची भांडणं तू ऐकली आहेस. त्याची परतफेड मी कशी केली? त्याची नक्कल करून. पोरांना हसवायला त्याच्या पुढे तस्सं चालायचं आणि त्याने मागून ओरडत यायचं. आधी कंबर पडते, भिंगरे, मग टाच घासते, आणि डावं पाऊल जरा घाईने येतं. गेल्या वर्षीपर्यंत सराव चालू होता.

तो सुरवंटाचा पोशाख माझ्या मापाचा आहे का बघ. मी मंगळवारी पोचते. वहिनीला दात दाखवायला जाते असं सांगितलंय.

लोभ राहिला तर ठेव. हे वाचून कमी झाला तर तेही रास्तच.

तुझी,
आत्या

दि. १० सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

लोभ आहे तिथेच आहे. शिडीचं मी कुणाला बोलणार नाही.

तू गेल्यावर काकांनी विचारलं की त्या बाई नटी आहेत का. गोळ्या वाकड्या लावल्या म्हणून तू त्यांना झापलंस, तरी! पहिल्या तीन वेळा तू चाललीस तेव्हा सगळे हसले. चौथ्या वेळी कुणी हसलं नाही. मी ती चौथी घेतलीय.

आता गल्लीतून जो येतो त्याचं कमरेवरचं सगळं बाबांचं आहे, मांडीवर मीटरची वही आपटायची सवयसुद्धा. खालचं तुझं. सांधा कुठे आहे ते सरांनाही सापडलं नाही. एवढी स्वच्छ चाल का बिघडवलीस, असं त्यांनी विचारलं. ती मूळची अशीच होती, एवढंच म्हटलं.

फिल्म पाठवतेय. आईला किती सांगायचं ते तू ठरव. काय झालं ते लगेच कळव, जिवाला चैन नाही.

तुझी,
भिंगरी

दि. १८ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद,

काल दाखवली. आधी काहीच सांगितलं नाही.

पाचव्या पावलाला वहिनी पुढे सरकली. आज चिडून आलेत वाटतं, असं म्हणाली आणि चहा टाकायला उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. मी मान वळवून पाहिलं नाही. मग येऊन बसली आणि पुन्हा लाव म्हणाली. सहा वेळा लावली. दर वेळी तिने एकच विचारलं, की एवढं चिडायला ह्यांना झालं तरी काय?

तिला काय सांगू? माझ्या मागून तो असाच यायचा. मला त्याची तेवढी एकच चाल येते.

सातव्यांदा विचारलं की शिडीचं सांगून टाकायचं, असं मनाशी ठरवून बसले होते. तिने विचारलं नाही. दिवा लावायला उठली.

फिल्म आता तिच्या उशाशी आहे. तू मूळ प्रत जपून ठेव. माझ्यावरचा लोभ, मी तिला सांगेपर्यंत, उधार समज.

तुझी,
आत्या