मोटार मीच चोरली

१ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोज सकाळी सहाला उठून लिहायचं. उदगीरच्या एका दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत रहस्यकथा पाठवा. नेमकं म्हणाले, पूर्ण झाली तर पाठवा. ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलंय, यंदा माझं नाव छापून येणार. विषय पक्का: सीमेपलीकडच्या, कन्नड मुलखातल्या मैलूरमधल्या आमच्याच गल्लीतून शेजारच्या बसवंतप्पांची पाण्याची मोटार चोरीला जाते. ती आमच्या खिडकीतून दिसते, म्हणजे वर्णन अस्सल होणार.

४ सप्टेंबर, बुधवार
उठलो साडेआठला. पण पडल्या पडल्या विचार चालूच होता. गोष्ट डिटेक्टिव्हनं 'मी' म्हणून सांगायची. अडचण एकच, माझा डिटेक्टिव्ह फार हुशार. दुसऱ्याच पानावर त्याला चोर कळला. कळलं ते लपवलं तर वाचकाशी बेइमानी. कथा दोन पानांत संपली.

९ सप्टेंबर, सोमवार
तिऱ्हाईत निवेदक घेतला. त्याला सगळ्यांच्या मनातलं ठाऊक, म्हणजे चोराच्याही. चोर पहिल्याच पानावर उघडा पडला. अनुभव मात्र वाढतोय.

१४ सप्टेंबर, शनिवार
उपाय सापडला! गोष्ट डिटेक्टिव्हच्या मठ्ठ मदतनीसानं सांगायची. डोळ्यांसमोरचं त्याला दिसत नाही, म्हणून वाचकालाही कळत नाही. पण असा माणूस मी जवळून पाहिलेला नाही. बायकोला, मंगलला, विचारलं कुणी माहीत आहे का. ती माझ्याकडे बघून म्हणाली, शोधायला बाहेर कामून जायलाव? पुढं विचारणार तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

२१ सप्टेंबर, शनिवार
चोरच सांगेल! पहिलं वाक्य एका दमात उतरलं: मोटार मीच चोरली. पुढं: बसवंतप्पा घोरत होते, तेव्हा मी पान्यानं नट खोलले. माझ्याच अंगावर काटा आला. मंगल म्हणाली, नावं तरी बदला, शेजारची माणसं हायत. तिला कलेतलं काय सांगणार!

२२ सप्टेंबर, रविवार, दुपार
पहिलं पान गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. वर 'कथा' असं लिहिलं नाही, त्यानं धार जाते.

तासाभरानं
मेसेजवर मेसेज! माझ्या लेखनाला असा प्रतिसाद कधीच नव्हता. बसवंतप्पांचा स्वतः फोन. इतके भारावले होते की सगळं कन्नडमध्येच बोलले. घरी येतायत. मंगलला चहा टाकायला सांगितलं.

संध्याकाळ
मोटार खरंच गायब आहे. सकाळपासून. मी दिवसभर खिडकीतच बसून होतो, पण तिचं वर्णन लिहीत होतो. बसवंतप्पा दारातूनच ओरडले, रत्नपालसाब, लिहून देऊन चोरी करायलाव व्हय? मी म्हणालो, तो 'मी' म्हणजे मी न्हाई. ते म्हणाले, मग कोण? याचं उत्तर दारात उभं राहून देता येत नाही. सारी गल्ली जमली. मंगल आत जाऊन रडत बसली. ते मात्र फार लागलं. चोर म्हणून तिला कुणी माझ्यावरून बोललं, तर मी काय तोंड दाखवू?

२३ सप्टेंबर, सोमवार
पोलीस ठाणं. तक्रार द्यायला आलेले बसवंतप्पाही बाकावर बसले होते. हवालदार नरसिंग यांनी जबाब लिहायला घेतला. मी सुचवलं, तिऱ्हाईत निवेदक घ्या, जरा अंतर राहतं. ते म्हणाले, जबाबात 'मी'च लागतो साहेब, आन् तो मी लिवतो.

तेवढ्यात बसवंतप्पांचे जावई प्रशांतकुमार मोटार घेऊनच हजर. वाइंडिंग जळायला आलं होतं, म्हणून काल पहाटे कुणाला न सांगता हुमनाबादला रिपेअरला नेली होती. सासऱ्याला सरप्राइज द्यायचं होतं म्हणे. बसवंतप्पांनी माझा हात धरून माफी मागितली. मंगलला फोन केला. तिनं मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, जेवायला या.

पण सुरू केलेला कागद पुरा करावाच लागतो. नरसिंग यांनी कन्नडमध्ये भराभरा लिहिलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं: मी रत्नपाल, राहणार मैलूर. मला उशिरा उठायची सवय आहे. समोरची मोटार गेली तरी मला दिसली नाही. मी रहस्यकथा लिहितो. अद्याप एकही पूर्ण झालेली नाही. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

दोनदा वाचायला लावलं. बदलण्यासारखा एकही शब्द सापडला नाही. सही केली.